८ सप्टेंबर : ‘स्वतः’ म्हणून यायला नकार

ब्रिटिश अभिनेते पीटर सेलर्स यांचा जन्म १९२५ साली आजच्या दिवशी साउथसी येथे झाला. एल्स्ट्रीच्या स्टुडिओत चित्रित होणाऱ्या ‘द मपेट शो’त दरवेळी एक नामवंत पाहुणा बाहुल्यांसोबत झळके. दुसऱ्या पर्वात सेलर्स आले, पण सोंगाशिवाय वावरायची त्यांची तयारी नव्हती. ते सूर लावलेल्या कोंबड्या दाबून वाजवत होते आणि तोंडाने शेक्सपिअरच्या ‘रिचर्ड तिसरा’मधले स्वगत म्हणत होते! मंचामागे व्हायकिंग शिरस्त्राण घातलेल्या सेलर्सना बाहुल्यांमधला कर्मिट बेडूक म्हणतो, इथे मोकळेपणाने स्वतःसारखे वागा. सेलर्स शांतपणे सांगतात, तसा ‘मी’ उरलेलाच नाही, शस्त्रक्रियेने काढून टाकला. हे लिहिलेले संवाद असले, तरी मुलाखतींतही ते जवळपास हेच सांगत.