जुन्या आयपॉडची पारख

खिशात मावणारा डिजिटल म्युझिक प्लेअर १९९८ साली बाजारात आला. दक्षिण कोरियातील सेहान कंपनीचा ‘एमपीमॅन’ आधी आला आणि त्याच वर्षी अमेरिकेतील डायमंड मल्टिमीडिया कंपनीचा ‘रिओ पीएमपी ३००’. रिओमध्ये जागा होती ३२ एमबी. साधारण दर्जाची गाणी भरली तर ती अर्ध्या तासात संपत. अमेरिकेतील रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने रिओची विक्री थांबवण्यासाठी दावा लावला. १९९९ मध्ये अपील न्यायालयाने निकाल डायमंडच्या बाजूने दिला आणि इतर उत्पादकांची वाट मोकळी झाली.

टिकाऊपणाच्या दृष्टीने ही पहिली पिढी विलक्षण आहे. रिओमध्ये फिरणारा एकही भाग नव्हता आणि तो एका पेन्सिल सेलवर चालत असे. सेल संपला की दुकानातून नवा आणायचा. त्यामुळे इतक्या वर्षांनीही असा प्लेअर चालू स्थितीत मिळू शकतो. त्याला धोका असतो तो आत विसरून राहिलेल्या सेलचा. अल्कलाइन सेल पाझरला की पत्र्यांवर पांढरट, कधी हिरवट निळा थर चढतो आणि तो जोडण्या खात जातो. म्हणून सेलवर चालणारा कोणताही जुना प्लेअर हातात आला की आधी सेलच्या खोबणीचे झाकण उघडावे. झाकणाची खीळ तुटलेली आहे का, हेही तेव्हाच दिसते. अशा प्लेअरमध्ये बहुधा तीच आधी तुटते.

तरीही चालू स्थितीतला रिओ विकत घेऊन उपयोग होईलच असे नाही. त्यात गाणी भरायची ती संगणकाच्या जुन्या प्रिंटर पोर्टमधून, आणि आजच्या संगणकावर तसे पोर्ट नसते. यंत्र शाबूत, पण त्याच्यापर्यंत पोहोचणारा रस्ता बुजलेला, असा हा प्रकार आहे. वापरलेल्या प्लेअरच्या इतिहासात तो पुन्हा पुन्हा आढळतो. पहिल्या आयपॉडचेही तेच झाले. तो फक्त फायरवायरच्या तारेने चार्ज होई आणि गाणीही तिच्यातूनच घेई. २००३ च्या तिसऱ्या पिढीत यूएसबीवरून गाणी भरता येऊ लागली, पण चार्जिंगला फायरवायरच लागे. हे ठाऊक नसलेला ग्राहक असा आयपॉड घरी आणतो, यूएसबी तार लावतो, आणि बॅटरी गेली असे समजून निराश होतो. बॅटरी चांगलीही असू शकते. चुकलेली असते ती तार.

३२ एमबीची कोंडी हार्ड डिस्कने फोडली. १९९९ च्या ‘पर्सनल ज्यूकबॉक्स’मध्ये लॅपटॉपची अडीच इंची डिस्क होती. २००० साली क्रिएटिव्हचा ‘नोमॅड ज्यूकबॉक्स’ ६ जीबी जागा घेऊन आला, पण तो सीडी प्लेअरएवढा मोठा होता. खरा फरक पडला तो तोशिबाच्या १.८ इंची डिस्कमुळे. २३ ऑक्टोबर २००१ रोजी ॲपलने जाहीर केलेला आयपॉड याच डिस्कभोवती बांधलेला होता: ५ जीबी जागा, किंमत ३९९ डॉलर.

या आयपॉडची रचना समजून घेतली की त्याची पारख सोपी होते. डिस्क सतत फिरत ठेवली तर बॅटरी लवकर संपते आणि चालताना बसणारे हादरेही तिला सोसत नाहीत. म्हणून आयपॉडमध्ये ३२ एमबीची स्मृती ठेवलेली होती. डिस्क थोडा वेळ फिरून पुढची काही गाणी त्या स्मृतीत ओतते आणि थांबते. गाणी वाजतात ती स्मृतीतून. परिणामी या डिस्कचे एकूण फिरण्याचे तास कमी असतात, पण चालू-बंद होण्याची संख्या मोठी असते. नेमक्या फिरत्या क्षणी आयपॉड हातातून पडला, तर इजा होण्याचा संभव सर्वांत जास्त.

अशी इजा कानाने ओळखता येते. शांत खोलीत आयपॉड कानाशी धरून एका अल्बममधून दुसऱ्यात उड्या मारत जावे. निरोगी डिस्क मंद, एकसुरी घरघर करते आणि गप्प होते. ठरावीक अंतराने येणारी टकटक, किंवा सुरू होऊन पुन्हा पुन्हा थांबणारी घरघर ऐकू आली, तर डिस्क जाण्याच्या वाटेवर आहे. कानापेक्षा पक्का पुरावा नंतरच्या पिढ्यांच्या आयपॉडच्या आतच असतो. मेन्यू आणि मधले बटण एकत्र दाबून आयपॉड पुन्हा सुरू केला आणि ॲपलचे चिन्ह दिसताच मधले व मागे जाण्याचे बटण दाबून धरले, तर दुरुस्ती करणाऱ्यांसाठी ठेवलेली तपासणीची पाने उघडतात. व्हिडिओ दाखवणाऱ्या आयपॉडमध्ये आणि आयपॉड क्लासिकमध्ये तिथे डिस्कची प्रकृती आकड्यांत दिसते: किती तास चालली, किती वेळा सुरू झाली, खराब निघालेल्या किती जागांचे काम राखीव जागांवर ढकलले, आणि किती जागा संशयित आहेत. शेवटचे दोन आकडे शून्य किंवा अगदी लहान असावेत. संशयित जागा शेकड्यांत असतील, तर कवच कितीही लखलखीत असले तरी डिस्क नवी घालावी लागणार हे धरूनच किंमत ठरवावी. ही तपासणी दोन मिनिटांत होते, आणि ती करू देण्यास विक्रेत्याने नकार दिला तर तोही एक आकडाच समजावा.

बॅटरीचा प्रश्न याहून आधी, आणि चव्हाट्यावर आला. आयपॉडची बॅटरी वापरणाऱ्याला सहज काढता येईल अशी नव्हती. २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या नाइस्टॅट बंधूंनी एक छोटी फिल्म केली. बॅटरी बदलायला २५५ डॉलर लागतील, त्यापेक्षा नवा आयपॉड घ्यावा, असे आपल्याला सांगण्यात आल्याचे त्यांनी तीत मांडले आणि शहरातील आयपॉडच्या जाहिरातींवर बॅटरीबाबतचा इशारा छापून टाकला. त्याच सुमारास ॲपलने ९९ डॉलरमध्ये बॅटरी बदलून देण्याची सोय जाहीर केली. पहिल्या तीन पिढ्यांच्या बॅटऱ्यांवरून अमेरिकेत सामूहिक दावाही झाला. २००५ मध्ये तडजोड होऊन ग्राहकांना भरपाई मिळाली. या वादाने एक गोष्ट सर्वसामान्य ग्राहकाला प्रथमच लख्ख दिसली: लिथियमची बॅटरी ही यंत्राचा कायमचा अवयव नाही, तिलाही वय असते.

ते वय दोन बाजूंनी मोजले जाते. एक, किती वेळा भरली आणि रिकामी झाली. साधारण ३०० ते ५०० वेळांनंतर तिची धारणा स्पष्टपणे घटते. दुसरे, नुसती वर्षे. कपाटात न वापरता पडलेली बॅटरीही म्हातारी होते, उष्णतेत अधिक वेगाने. त्यामुळे ‘फारसा वापरलाच नाही’ ही विक्रेत्याची ग्वाही डिस्कच्या बाबतीत चांगली, बॅटरीच्या बाबतीत निरुपयोगी. वर्षानुवर्षे पूर्ण रिकामी राहिलेली बॅटरी अनेकदा पुन्हा भरतच नाही. भरली तरी तिची परीक्षा तासांत घ्यावी: पूर्ण चार्ज करावे, मध्यम आवाज ठेवावा, पडद्याचा दिवा बंद ठेवावा आणि थांबेपर्यंत वाजू द्यावे. २००५ च्या ३० जीबी व्हिडिओ आयपॉडसाठी कंपनीचा दावा १४ तासांचा होता, २००९ च्या १६० जीबी क्लासिकसाठी ३६ तासांचा. निम्मे तास मिळाले तर बॅटरी बदलण्याजोगी झाली.

फुगलेली बॅटरी मात्र परीक्षेचा विषयच नाही. मागचा पत्रा मधोमध उचललेला, पडद्यावर दाबल्यासारखा डाग, कडेची फट एका बाजूला रुंद, यांतले काही दिसले की ते यंत्र चार्जला लावू नये. फुगलेली बॅटरी टोचली किंवा वाकवली तर पेट घेऊ शकते. पहिल्या पिढीच्या आयपॉड नॅनोबाबत तर नोव्हेंबर २०११ मध्ये ॲपलनेच सप्टेंबर २००५ ते डिसेंबर २००६ या काळात विकलेले नग बदलून देण्याची घोषणा केली होती, कारण काहींची बॅटरी फाजील तापत होती. तसा न बदललेला नॅनो आजही जुन्या बाजारात येतो. तो वापरण्यासाठी घेऊ नये.

नॅनोत डिस्क नव्हती, फ्लॅश मेमरी होती. पडण्याने तिला सहसा काही होत नाही. फ्लॅशच्या पेशी झिजतात त्या लिहिण्याने, आणि म्युझिक प्लेअरमध्ये लिहिणे क्वचितच होते, गाणी भरताना तेवढे. म्हणून सॅनडिस्कचा ‘सॅन्सा क्लिप’ किंवा आयपॉड शफल यांसारखी लहान यंत्रे बॅटरी जाईपर्यंत चालतात. त्यांची अडचण वेगळी: ती इतकी लहान असतात की बॅटरी मुख्य पट्टीलाच डाग देऊन जोडलेली असते, आणि ती बदलणे हे सोल्डरिंगचा हात असलेल्याचेच काम.

यंत्र कोणत्या आज्ञावलीवर चालते, यावरही आयुष्य ठरते. मायक्रोसॉफ्टचा ३० जीबीचा ‘झून’ २००६ मध्ये आला. ३१ डिसेंबर २००८ रोजी जगभरचे हे झून एकाच दिवशी गोठले. लीप वर्षाचा ३६६वा दिवस मोजताना घड्याळाची आज्ञावली एका फेऱ्यात अडकत होती. बॅटरी पूर्ण उतरू द्यावी आणि नवे वर्ष लागल्यावर चार्ज करावे, इतकाच उपाय कंपनीला सांगता आला. सोनीचे सुरुवातीचे नेटवर्क वॉकमन बांधणीने भक्कम होते, पण त्यांत गाणी आधी ‘एट्रॅक’ या सोनीच्या स्वतःच्या स्वरूपात बदलून ‘सॉनिकस्टेज’मधूनच भरावी लागत. तो प्रोग्राम मागे पडला आणि उत्तम धातूची ती यंत्रे अडून बसली. याउलट संगणकाला जोडताच साध्या पेन ड्राइव्हसारखे दिसणारे प्लेअर आजही कोणत्याही संगणकाशी बोलतात. दोन सारख्या प्रकृतीच्या प्लेअरमध्ये निवड करायची झाली, तर असाच निवडावा.

महाराष्ट्रात या यंत्रांचा काळ थोडका ठरला. एमपीथ्रीची ओळख इथे अनेकांना शंभरावर गाणी मावणाऱ्या सीडीने झाली. मागोमाग स्वस्त चिनी प्लेअर आले आणि मेमरी कार्डाचे मोबाइल आल्यावर गावोगावच्या मोबाइल दुकानांतून कार्डात गाणी भरून मिळू लागली. इथल्या हवेने जुन्या यंत्रांवर आपली खूणही ठेवली आहे. २००० नंतरच्या दशकात अनेक यंत्रांना रबरासारखा मऊ लेप दिलेला असे. दमट हवेत त्या लेपातील पॉलियुरेथेन विघटित होऊन चिकट होते. मुंबईत वा कोकणात वर्षे काढलेला असा प्लेअर हाताला चिकटतो, त्यावर धूळ बसते. तो दिसायला वाईट असतो, पण लेप काढून टाकता येतो, आणि आतले यंत्र बहुधा ठणठणीत असते. हेडफोनच्या खाचेतला गंज जास्त गंभीर. पिन घालून हळूच फिरवावी. एका कानातला आवाज जात-येत असेल तर खाच झिजली आहे.

९ सप्टेंबर २०१४ रोजी ॲपलने क्लासिक विक्रीतून काढला आणि जुन्या बाजारात त्याचा भाव चढला. त्याबरोबर दुसरा व्यवसाय वाढला: १.८ इंची डिस्क काढून तिच्या जागी एसडी कार्ड बसवणारी पट्टी घालायची, मोकळ्या झालेल्या जागेत मोठी बॅटरी ठेवायची आणि नवे कवच चढवायचे. नीट केलेले हे काम मूळ आयपॉडपेक्षा टिकाऊ असते, कारण फिरणारा भागच उरत नाही. पण नव्या कवचामुळे जुन्या खुणा पुसल्या जातात. मूळ मागच्या पत्र्यावर क्षमता आणि अनुक्रमांक कोरलेले असतात. ते पडद्यावरील माहितीशी जुळत नसतील तर यंत्र उघडले गेले आहे. उघडले म्हणजे बिघडले असे नव्हे, पण कोणी आणि कसे, हे विचारायला हवे. घातलेले कार्ड खोट्या क्षमतेचे असू शकते. बाहेरून २५६ जीबी दाखवते आणि खरी जागा संपली की वरची गाणी नासतात. ते गाण्यांनी काठोकाठ भरून, शेवटी भरलेली गाणी वाजवून पाहणे हाच भरवशाचा मार्ग.

मूळ यंत्राची मर्यादाही इथे आड येते. २००५ चा ३० जीबीचा आयपॉड ३२ एमबी स्मृतीचा, ६० जीबीचा ६४ एमबीचा; फार मोठा संग्रह भरला तर कमी स्मृतीचा आयपॉड यादी उघडतानाच अडखळतो. २००७ च्या जाड १६० जीबी क्लासिकमध्ये डिस्कची जोडणीच वेगळ्या प्रकारची असल्याने तो अशा बदलाला सोयीचा नाही. २००९ चा पातळ १६० जीबी सर्वांत सोयीचा, पण त्याचे धातूचे पुढचे कवच उघडणे व्हिडिओ आयपॉडपेक्षा बरेच कठीण. यादीची अडचण ‘रॉकबॉक्स’ने पुष्कळ सैल होते. ही मुक्त आज्ञावली २००१ च्या सुमारास स्वीडनमधील काही प्रोग्रामरांनी आर्कोसच्या प्लेअरसाठी लिहायला घेतली आणि पुढे ती आयपॉड, आयरिव्हर, सॅन्सा अशा अनेक यंत्रांवर चालू लागली. रॉकबॉक्स चालणाऱ्या प्लेअरवर गाणी नुसती फोल्डरमध्ये टाकता येतात, त्यामुळे उद्या ॲपलने संगणकावरील आधार काढला तरी ते यंत्र निकामी होत नाही.

आयपॉड टच या सगळ्यापासून वेगळा राहतो. १० मे २०२२ रोजी त्याचे उत्पादन थांबल्याचे जाहीर झाले आणि आयपॉड हे नावच बाजारातून गेले. तो फोनच्या जातीचा असल्याने त्याची पारखही फोनसारखी: आधीच्या मालकाचे खाते त्यावर अडकलेले नाही ना, आणि त्यावर चालू शकणारी शेवटची आयओएस आवृत्ती हव्या त्या ॲपला पुरते का. खाते अडकलेला टच सुटा भाग म्हणूनच घ्यावा, कारण पूर्वीच्या मालकाखेरीज ते कुलूप सहसा कोणाला उघडता येत नाही.