धुराचा फिर्यादी कोण?

प्रशासनाच्या इतिहासात घोटाळ्यांची नोंद बहुधा दोन अंगांनी होते. दोषी कोण ठरला आणि दंड किती झाला. ज्याच्या हाती तो सदोष माल होता त्याला काय वाटले, याची नोंद सहसा कोणी ठेवत नाही. डिझेल मोटारींच्या उत्सर्जन चाचणीतील ज्या लबाडीने २०१५ साली जगभर खळबळ उडवली, तिच्या बाबतीत मला ही राहून गेलेली नोंदच अधिक बोधप्रद वाटत आली आहे. मोटारमालक कोठे संतापले, कोठे गप्प राहिले आणि का, हे पाहिले म्हणजे आपले कायदे कोणत्या गृहीतकावर उभे आहेत आणि ते गृहीतक कोठे डळमळते, हे ध्यानात येते.

मूळ हकीकत थोडक्यात अशी. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातील संशोधकांच्या एका छोट्या चमूने २०१३ साली मोजणीची यंत्रे डिझेल मोटारींतच बसवली आणि त्या मोटारी प्रयोगशाळेबाहेर, प्रत्यक्ष रस्त्यावर चालवून पाहिल्या. मद्रास विद्यापीठातून अभियांत्रिकी शिकून तिकडे गेलेले अरविंद तिरुवेंगडम हे या चमूत होते. प्रयोगशाळेत निर्दोष ठरलेल्या फोक्सवागनच्या एका मोटारीतून रस्त्यावर मर्यादेच्या १५ ते ३५ पट, तर दुसरीतून ५ ते २० पट नायट्रोजन ऑक्साइड बाहेर पडत होते. १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने कंपनीवर नोटीस बजावली आणि पाठोपाठ कंपनीने जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख मोटारींत हे सॉफ्टवेअर असल्याचे सांगितले.

युक्ती अशी होती की चाचणीच्या वेळी चाके रुळांवर फिरतात, पण सुकाणू हलत नाही. अशा खुणांवरून मोटारीतला संगणक ‘आपली परीक्षा चालू आहे’ हे ओळखी आणि तेवढ्यापुरती प्रदूषण रोखणारी यंत्रणा पूर्ण क्षमतेने चालवी. परीक्षा संपली की ती यंत्रणा सैल सोडली जाई. ती सतत पूर्ण चालवली तर इंधन अधिक लागते, ओढ कमी होते किंवा भाग लवकर झिजतात. म्हणजेच या लबाडीचा काही लाभ मालकाच्याही पदरात पडत होता. ही गोष्ट पुढील विवेचनात महत्त्वाची आहे.

अमेरिकेतील मालक संतापले. त्यांना ही मोटार ‘स्वच्छ डिझेल’ म्हणून विकली होती आणि पर्यावरणाची चाड असलेल्या अनेकांनी ती त्याच विश्वासाने अधिक किंमत देऊन घेतली होती. जून २०१६ मध्ये जाहीर झालेल्या समझोत्यानुसार दोन लिटर इंजिनाच्या सुमारे पावणेपाच लाख मोटारींच्या मालकांना मोटार परत देण्याचा पर्याय मिळाला. किंमत धरायची ती घोटाळा उघड होण्यापूर्वीची, आणि वर किमान ५,१०० डॉलर भरपाई. जर्मनीत प्रथम एवढा क्षोभ दिसला नाही. तेथील वाहन प्राधिकरणाने सुमारे २४ लाख मोटारींत दुरुस्ती सक्तीची केली, पैसे मात्र मिळाले नाहीत. २७ फेब्रुवारी २०१८ रोजी लाइपझिगच्या संघीय प्रशासकीय न्यायालयाने शहरांना जुन्या डिझेल मोटारींवर बंदी घालण्याची मुभा दिली आणि ३१ मेपासून हॅम्बुर्गने दोन रस्त्यांवर ती अमलात आणली. आता मोटारीची किंमत आणि रस्त्यावर येण्याचा हक्क या दोहोंवर गदा आली होती. दाव्यांचा ओघ वाढत गेला आणि मे २०२० मध्ये तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने वापराची रक्कम वजा करून किंमत परत मागण्याचा ग्राहकाचा हक्क मान्य केला. हवा दोन्ही देशांत बिघडली होती. संताप मात्र मालकाच्या विश्वासाला किंवा खिशाला धक्का बसला तेव्हाच उसळला.

भारतात काय झाले? डिसेंबर २०१५ मध्ये येथील ३,२३,७०० मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचे जाहीर झाले. त्यांत फोक्सवागनच्या १,९८,५००, स्कोडाच्या ८८,७०० आणि ऑडीच्या ३६,५०० मोटारी होत्या. मराठी वाचकाच्या दृष्टीने हे प्रकरण घरचेच आहे. फोक्सवागनची पोलो आणि व्हेंटो चाकणच्या कारखान्यात तयार होत होती. भारतात विकलेल्या काही नमुन्यांचे उत्सर्जन रस्त्यावर भारत टप्पा चारच्या मर्यादेपेक्षा १.१ ते २.६ पट आढळले, ते मोजणारी एआरएआय ही संस्था पुण्यात वेताळ टेकडीवर आहे. कंपनीचे म्हणणे असे होते की भारतीय नियमांत रस्त्यावरील चाचणीची अटच नव्हती, तेव्हा नियमभंगही झालेला नाही आणि दुरुस्ती आपण स्वेच्छेने करीत आहोत.

या प्रकरणाची मालकाची बाजू मला उमगली ती कुंभकोणम येथे. कावेरीकाठचे हे गाव तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यातले. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव येथेच १८२८ साली जन्मले. महामहम तलावाजवळ राहणारे एक निवृत्त बँक अधिकारी माझ्या परिचयाचे आहेत. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहूनही त्यांच्या घरी अजून जुन्या वळणाची मराठी बोलतात. परत बोलावलेल्या मोटारींपैकी एक त्यांच्या दारात होती. मी सहज विचारले, तर त्यांनी शांतपणे तीन गोष्टी सांगितल्या. मोटार २०१२ साली घेतली ती डिझेल स्वस्त म्हणून, ते स्वच्छ म्हणून नव्हे. दुरुस्तीनंतर ओढ कमी होते असे ऐकल्यामुळे पत्र येऊनही ते गेले नव्हते. आणि तिसरी गोष्ट हा प्रश्नच होता: मोटार उत्तम चालते, तेल कमी पिते, पीयूसीचा दाखला दरवेळी मिळतो, मग यात माझी फसवणूक नेमकी कोणती?

पहिल्या दोन गोष्टी समजण्यासारख्या होत्या. २०१२ च्या मे महिन्यात पेट्रोल आणि डिझेल यांच्या दरांत लिटरमागे तीस रुपयांहून अधिक तफावत होती आणि देशात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींपैकी निम्म्याच्या आसपास डिझेलच्या होत्या. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त होईपर्यंत ग्राहकाला या इंधनाकडे शासनाच्याच धोरणाने वळवले होते. दाखल्याविषयीही त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पीयूसी केंद्रावर डिझेल मोटारीच्या धुराची अपारदर्शकता तपासतात. नायट्रोजन ऑक्साइड तेथे मोजतच नाहीत आणि ते डोळ्यांना सहसा दिसतही नाहीत. उन्हात त्यांच्यापासून ओझोन तयार होतो, सूक्ष्म कण बनतात, आणि ते श्वासात जातात ते मोटारीच्या मागून चालणाऱ्याच्या, बसथांब्यावर उभ्या असलेल्याच्या, कडेच्या दुकानदाराच्या. मालक काच वर करून पुढे गेलेला असतो.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला त्याच गावच्या कॉफीचा आधार मिळाला. कुंभकोणमची ‘डिग्री कॉफी’ प्रसिद्ध आहे. या ‘डिग्री’च्या अनेक उपपत्ती सांगतात. त्यांतील एक अशी की दुधात पाणी नाही हे लॅक्टोमीटरच्या अंशांवरून ठरवत, आणि त्या कसोटीला उतरलेल्या दुधाची ती डिग्री कॉफी. पण लॅक्टोमीटर मोजतो तो केवळ दुधाचा जडपणा. पाणी घातले की दूध हलके होते, मलई काढली की जड होते. तेव्हा आधी मलई काढावी, मग बेताने पाणी ओतावे, म्हणजे काटा पुन्हा योग्य जागी येतो. परीक्षा नेमकी कशाची आहे हे ओळखून तेवढ्यापुरतेच शुद्ध राहण्याची ही विद्या संगणकाहून कितीतरी जुनी आहे. तिच्यावर उपाय म्हणून १८९० साली अमेरिकेत बॅबकॉक यांनी स्निग्धांश मोजण्याची पद्धत काढली आणि पाठोपाठ युरोपात गर्बर यांची आली. एका मापाला दुसऱ्या मापाची जोड मिळाली आणि ती विशिष्ट लबाडी अवघड झाली.

येथवर दूध आणि धूर यांची कथा एकच आहे. पुढे मात्र एक मोठा फरक आहे. पातळ दूध पिणारा आणि त्याचे पैसे देणारा माणूस एकच असतो. त्याची जीभ हाच निरीक्षक आणि तोच फिर्यादी. म्हणून भेसळीचा कायदा, कितीही ढिला असला तरी, ग्राहकाच्या तक्रारीच्या बळावर काही अंतर चालू शकतो. धुराच्या बाबतीत खरेदीदार एक आणि नुकसान सोसणारा दुसरा. खरेदीदाराला फसवणुकीतून थोडा लाभच होतो, आणि सोसणाऱ्याला आपण काही सोसतो आहोत हे कळतही नाही. माझ्या परिचितांचा प्रश्न बेदरकारपणाचा नव्हता. त्यांच्याकडून आपण ज्या तक्रारीची अपेक्षा करतो, ती करण्याचे कारणच व्यवस्थेने त्यांना दिलेले नव्हते.

याचा आधीचा दाखलाही आपल्याच देशात होता. जुलै २०१३ मध्ये जनरल मोटर्सने भारतात विकलेल्या सुमारे १ लाख १४ हजार टॅव्हेरा परत बोलावल्या. कमी धूर सोडणारी इंजिने निवडून काही कर्मचारी तपासणीपुढे तीच ठेवत, असे निष्पन्न झाले होते. शासनाने नितीन गोकर्ण यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ही बाब कंपनीच्या स्वतःच्या चौकशीतून बाहेर आली, भाड्याने टॅव्हेरा चालवणाऱ्या मालकांच्या तक्रारीतून नव्हे. ते मालक रोज शेकडो मैल तीच मोटार हाकत होते.

फोक्सवागन प्रकरणीही राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे जाणाऱ्यांत एक शिक्षिका होती. ती आपल्या मोटारीचे गाऱ्हाणे घेऊन आली नव्हती, हवेचे घेऊन आली होती. तज्ज्ञ समितीने दिल्लीत २०१६ साली या मोटारींनी ४८.६७८ टन नायट्रोजन ऑक्साइड सोडल्याचा अंदाज बांधून आरोग्याची हानी १७१.३४ कोटी रुपये ठरवली. ७ मार्च २०१९ रोजी न्यायाधिकरणाने ५०० कोटींचा दंड ठोठावला आणि मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या वसुलीला स्थगिती दिली. मालकांपैकी कोणीच हलले नाही असे मात्र नाही. उत्तर प्रदेशातील एका ग्राहकाने फसवणुकीची फिर्याद नोंदवली आणि ती रद्द करण्याची कंपनीची विनंती २६ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. पण सव्वातीन लाखांत असे मालक विरळाच.

यातून शासन काही शिकले काय? दोन गोष्टी शिकले. मोटार वाहन अधिनियमात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आले. पर्यावरणास हानिकारक दोष असलेली वाहने परत मागवण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र शासनाला मिळाला आणि उत्पादकासाठी दंडाची कमाल मर्यादा १०० कोटींपर्यंत गेली. दुसरे म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून भारत टप्पा सहाच्या मोटारींना प्रत्यक्ष रस्त्यावरील उत्सर्जन मर्यादाही पाळावी लागते. बॅबकॉकच्या नळीप्रमाणे हे दुसरे माप होय.

पण कलम ११०-अ बारकाईने वाचले की जुने गृहीतक पुन्हा भेटते. दोषाची खबर कोणी द्यायची? पहिला उल्लेख आहे तो शासन ठरवील तितके टक्के मालकांचा. ब्रेक निकामी होत असतील, आग लागत असेल, तर ही वाट योग्यच आहे, कारण तेथे जीव मालकाचा असतो. धुरासाठी ती निरुपयोगी आहे. सुदैवाने त्याच कलमात ‘चाचणी संस्था’ आणि ‘इतर कोणताही स्रोत’ असेही शब्द आहेत. माझ्या मते धुराच्या बाबतीत कायद्याचा प्राण या शब्दांत आहे. वापरात असलेल्या मोटारी रस्त्यावरून निवडून नियमितपणे मोजाव्यात, त्यासाठी चाचणी संस्थांना मनुष्यबळ आणि निधी द्यावा, निष्कर्ष लोकांपुढे ठेवावेत, आणि दुरुस्तीला न येणाऱ्या मालकाला जर्मनीप्रमाणे नोंदणीच्या वेळी अडवावे. परत बोलावणे ऐच्छिक ठेवले तर माझे परिचित जाणार नाहीत, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर त्यांच्या जागी असणारे आपल्यापैकी बहुतेकजण जाणार नाहीत.

ज्या नुकसानीला फिर्यादी नसतो, तेथे शासनाने फिर्यादी व्हायचे असते. महामहम तलावाच्या कडेने सायकलवरून शाळेत जाणाऱ्या मुलीला भारत टप्पा चार म्हणजे काय हे ठाऊक नाही, आणि ते ठाऊक असण्याची जबाबदारीही तिची नाही.