सासवडची माणसे नीरेकाठी

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी आपल्या भागाच्या इतिहासावर काही लिहून द्यावे, असे भगिनींनी सांगितले तेव्हा प्रथम संकोच वाटला. माझे शिक्षण सातवीपर्यंत. राजेरजवाड्यांचा इतिहास जाणकारांनी लिहावा. परंतु परक्या मुलखात येऊन तो आपला करणे हा विषय आम्हा बायकांना नवा नाही. प्रत्येक सासुरवाशीण तो शिकतेच. म्हणून अकलूजशेजारच्या माळीनगरची हकीगत लिहिते.

माझे माहेर पुरंदर तालुक्यातले. तेवीस वर्षांपूर्वी लग्न होऊन अकलूजला आले. तिकडे बाजरीची भाकरी, इकडे ज्वारीची. तिकडे दारातून पुरंदर किल्ला दिसे, इकडे नजर पोचेल तिथवर सपाट रान आणि भाजून काढणारे ऊन. पण माळीनगरला गेले की माहेरकडची आडनावे कानी पडत आणि बरे वाटे. ही माणसे इतक्या दूर कशी आली, हे मी थोरामोठ्यांना विचारीत गेले.

त्यांना पाण्याने आणले. सासवडकडचे माळी हे जुने बागाईतदार. विहिरीच्या पाण्यावर ऊस आणि भाजीपाला पिकवण्यात त्यांचा हातखंडा. पण कऱ्हा नदी उन्हाळ्यात आटते आणि जमीन थोडी. १८८५ साली नीरेच्या डाव्या कालव्याला पाणी सुटले, तेव्हा ह्यांतील काही कुटुंबे बारामतीच्या बाजूला खंडाने जमिनी करू लागली. पुढे काही जण नगर जिल्ह्यातल्या कालव्यांवर गेले. १९२८ साली भाटघरचे मोठे धरण पुरे झाले आणि नीरेच्या उजव्या कालव्याच्या पाण्याने माळशिरस तालुक्यातली जिराईत राने भिजू लागली. इथल्या जमीनमालकांना कालव्याच्या बागाइताची सवय नव्हती आणि सासवडकरांजवळ जमीन नव्हती. एकाला खंड मिळाला, दुसऱ्याला रान मिळाले.

लवकरच संकट आले. १९३० च्या सुमारास जगभर मंदी पसरली आणि गुळाचे भाव कोसळले. गुऱ्हाळात रात्रंदिवस चुलवाण पेटवून काढलेल्या ढेपेला खर्चाइतकेही मोल येईना. अशा वेळी बिऱ्हाड उचलून गावी परतणे सोपे होते. त्यांनी तसे केले नाही. १९३२ साली सरकारने देशी साखरेला संरक्षण देणारा कायदा केला. त्याच साली ह्या शेतकऱ्यांनी आपापसांत भाग गोळा करून ‘दि सासवड माळी शुगर फॅक्टरी’ ही कंपनी काढली आणि दोनेक वर्षांत गाळप सुरू केले. प्रवरानगरचा प्रसिद्ध सहकारी कारखाना १९५० साली सुरू झाला. त्याच्या कितीतरी आधी इथल्या ऊसकऱ्यांनी स्वतःच्या मालकीचे धुराडे उभे केले होते. पुढे अकलूजलाही शंकरराव मोहिते-पाटील यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला.

कारखान्याच्या नावात सासवड राहिले आणि वसाहतीचे नाव माळीनगर झाले. मागचे गाव नावात जपले, पाय मात्र इथल्या मातीत रोवले. माझ्या मते ह्यात उसाचा मोठा हात आहे. बाजरी तीन-चार महिन्यांत घरात येते. आडसाली ऊस दीड वर्ष रानात उभा असतो. तो तुटेपर्यंत हलता येत नाही. तेवढ्यात दोन पाडवे होतात, घरात पाळणा हलतो, शेजारणीशी विरजणाची देवघेव सुरू होते. पीक तयार होईतो माणूसही इथला होऊन जातो.

आणखी एक गोष्ट. कऱ्हा नदी सोनगावाजवळ नीरेला मिळते आणि तीच नीरा पुढे अकलूजवरून वाहते. म्हणजे सासवडचे पाणी पावसाळ्यात ह्यांच्या आधीपासूनच इकडे येत होते! सासवडला ज्ञानोबामाउलींची पालखी मुक्कामाला असते. इकडे तुकोबारायांची पालखी सराटीहून नीरा ओलांडून अकलूजला येते. इथे गोल रिंगण आणि माळीनगरला उभे रिंगण होते. तिकडे वारकऱ्यांना भाकरी वाढणारे हात इथेही रिकामे राहिले नाहीत.

मात्र ह्या इतिहासात भाग घेणाऱ्यांची, संचालकांची नावे सापडतात, बायकांची सापडत नाहीत. उघड्या माळावर पहिली चूल कोणी मांडली, विंचूकाट्यात मुले कशी वाढवली, गुऱ्हाळावरच्या माणसांच्या भाकरी कोणी थापल्या, हे कोठे लिहिलेले नाही. ज्यांच्या घरी नव्वदीच्या आजी असतील, त्यांनी त्यांच्याकडून ऐकून हे आताच लिहून ठेवावे. दरवर्षी त्यांतल्या काही जणी कमी होत आहेत.

शेवटी एक सांगते. दिवाळीनंतर बीडकडून ऊसतोडीला टोळ्या येतात. नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. बाईचे वेगळे नावही राहत नाही. पहाटेच्या थंडीत मोळी डोक्यावर घेऊन ती चालते आणि रात्री कोपीत निजते. कितीएक वर्षे ती ह्याच रानात येते, तरी तिला हे गाव आपले वाटत नाही. सासवडकरांना ते वाटले, कारण त्यांना रानात आणि कारखान्यात वाटा मिळाला. नुसते येऊन राहिल्याने घर होत नाही. वाटा मिळाला तर होते. आपले मंडळ तिला जमीन देऊ शकणार नाही. पण हंगामात कोपीवर जाऊन तिची विचारपूस करणे, तिच्या लेकराला जवळच्या शाळेत बसवून देणे आणि हळदीकुंकवाला तिलाही नावाने बोलावणे, एवढे आपल्या हाती आहे. येत्या संक्रांतीपासून ते करावे, अशी माझी सर्व भगिनींना विनंती आहे.