घर हेच दफ्तर

घर आणि कामाची जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही समजूत तशी फार जुनी नाही. कुंभाराचे चाक त्याच्याच अंगणात फिरे, कोष्ट्याचा माग ओटीवर असे आणि सोनाराची शेगडी माजघरापासून दहा पावलांवर पेटे. घर सोडून, भोंगा ऐकून, दुसऱ्याच्या छपराखाली काम करायला जाण्याची चाल आपल्याकडे गिरण्यांबरोबर आली, आणि शंभर-सव्वाशे वर्षांत ती इतकी अंगवळणी पडली की २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी होऊन लक्षावधी सुशिक्षित माणसे संगणक घेऊन घरात बसली, तेव्हा त्यांना हे काहीतरी अघटित वाटले. घरी बसून काम होते का, झाले तर त्यावर लक्ष कोणी ठेवायचे, आणि काम संपले केव्हा हे ठरवायचे कोणी, असे प्रश्न त्या वेळी नव्याने विचारले गेले. वस्तुतः हे प्रश्न वर्धा जिल्ह्यात ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी विचारून झाले होते, आणि त्यांची उत्तरेही तेथे मोठ्या चिकाटीने, कधी कधी निष्ठुरपणे, शोधली गेली होती.

वर्धा हा कापसाचा मुलूख. येथल्या हिंगणघाटच्या कापसाचे नाव इंग्लंडच्या बाजारात ठाऊक होते. १८६२ साली हा जिल्हा वेगळा निघाला, चार वर्षांनी पालकवाडीच्या जागी वर्धा शहर आखले गेले, आणि १८६७ साली आगगाडी वर्ध्यावरून नागपूरला पोचली. मग कापूस गाठी बांधून मुंबईकडे निघाला आणि सूत गिरणीतून परत येऊ लागले. १८७७ च्या पहिल्या दिवशी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. पाठोपाठ हिंगणघाटलाही गिरणी उभी राहिली. घरोघरचा चरखा माळ्यावर गेला तो या सुमारास. त्याबरोबर आणखीही एक गोष्ट गेली, तिची नोंद सहसा कोणी करीत नाही. चरख्यावर बसणाऱ्या बाईचा दिवस तिच्या हातात असे. चूल, पोर, शेत यांच्या मधल्या सांदीत ती कातायची. तिला घड्याळ नव्हते. मुकादमही नव्हता, सासू होती, ही गोष्ट वेगळी!

पुढे हा चरखा माळ्यावरून खाली काढायचे ठरले, तेव्हा काढणाऱ्यांना पहिली अडचण आली ती हीच. गिरणीत कामाचे माप गिरणीच ठरवते. घरातल्या कामाला माप कोणते लावायचे?

विनोबा १९२१ च्या एप्रिलमध्ये वर्ध्यास आले. जमनालाल बजाजांनी गांधीजींकडे साबरमतीसारख्या आश्रमाची मागणी केली होती, तिचे हे फळ. आश्रमवासी लोकांनी कामाला जे माप लावले ते हिशेबनिसाला शोभेल असे होते. चार फुटांचा एक तार, एकशे साठ तारांची एक लटी, आणि चार लटी म्हणजे सहाशे चाळीस तारांची एक गुंडी. साबरमतीला रोजचे एकशे साठ तार हा नेम होता. सायंप्रार्थनेच्या वेळी हजेरी होई, आणि नाव पुकारल्यावर ज्याने त्याने आपण त्या दिवशी किती तार कातले तो आकडा सांगायचा. वर्ध्याकडेही हीच रीत आली. मला या व्यवस्थेचे मोठे नवल वाटते. वरिष्ठ नाही, दंड नाही, पगारकपात नाही. फक्त संध्याकाळी चारचौघांत एक आकडा मोठ्याने म्हणायचा. ज्याने दिवस गप्पांत घालवला असेल त्याला तो आकडा म्हणताना काय वाटत असेल, हे वाचकांना सांगायला नको.

पण माप लावले की दुसरा प्रश्न आपोआप उभा राहतो: इतक्या कामाला दाम किती? चरखा संघाने १९२९ साली सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. चरखा हलका असावा, खेड्यातल्या झोपडीत चालावा, बाईला त्यावर फार श्रम न होता आठ तास सलग काम करता यावे, आठ तासांत सोळा हजार फूट सूत निघावे, आणि किंमत दीडशे रुपयांच्या वर जाऊ नये, अशा अटी होत्या. सोळा हजार फूट म्हणजे चार हजार तार, सव्वासहा गुंड्या. ते बक्षीस कोणालाच मिळाले नाही. यंत्र काही वेळेवर आले नाही, आणि घरी कातणारी बाई दिवसभर राबून जे मिळवीत होती त्यात तिचे पोट भरत नव्हते.

येथे विनोबांनी जे केले ते अर्थशास्त्राच्या कोणत्याही प्रबंधापेक्षा मला मोलाचे वाटते. १९३२ च्या अखेरीस ते वर्ध्याजवळच्या नालवाडीत राहायला गेले होते. १९३५ मध्ये त्यांनी ठरवले की चालू दराने सूत कातून जी मजुरी मिळेल तिच्यातच आपला खर्च भागवून पाहायचा. रोज आठ-आठ, नऊ-नऊ तास कातणे. एक हात थकला की दुसऱ्या हाताने. हा प्रयोग करणारा मनुष्य संस्कृताचा पंडित होता, आणि १९३० च्या ऑक्टोबरपासून चारेक महिन्यांत त्याने ‘गीताई’ पुरी केली होती. त्याच्या वेळेची किंमत बाजाराने काय करायची ती केली असती. त्याने ती खेड्यातल्या विधवेच्या दराने करून पाहिली, आणि तो दर किती अपुरा आहे हे स्वतःच्या ताटात पाहिले. आठ तासांच्या कातणीला निदान आठ आणे मिळावेत, असा आग्रह गांधीजींनी त्याच वर्षी धरला. चरखा संघाला एकदम तेवढे परवडेना. पण कातणाऱ्याची मजुरी बाजारभावाने न ठरवता त्याला जगायला काय लागते त्यावरून ठरवावी, हे तत्त्व संघाने वर्ध्यातच मान्य केले. खादी महागली, गिऱ्हाईक कुरकुरले. असो.

गांधीजी स्वतः १९३४ मध्ये वर्ध्याला आले. पुढे जमनालालजींनी दिलेल्या बागेतल्या घरात, मगनवाडीत, त्यांचा मुक्काम झाला आणि तेथेच ग्रामोद्योग संघाचे दफ्तर सुरू झाले. ते सांभाळणारे कुमारप्पा लंडनला हिशेबतपासनीस म्हणून तयार झालेले गृहस्थ. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी पाच मैलांवरच्या शेगावात राहायला गेले. तेथे धड रस्ता नव्हता आणि डाकघरही नव्हते. त्यांना एकटे राहायचे होते. पण झाले भलतेच. आदिनिवास या एकाच मोठ्या खोलीवजा घरात गांधीजी, कस्तुरबा, खान अब्दुल गफारखान, आलेगेले पाहुणे, आजारी माणसे सगळी एकत्र. याच जागी देशाचा पत्रव्यवहार चाले. बुलढाण्याकडच्या शेगावशी घोटाळा होऊन डाक चुकू लागली, म्हणून १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम झाले. ज्या घरात काम चालते त्याचा पत्ता नीट असावा लागतो, हे त्यातून सिद्ध झाले एवढेच.

इतक्या गर्दीत काम होत कसे असेल? दिवस पहाटेच्या प्रार्थनेने सुरू होई. कंबरेच्या घड्याळाकडे पाहून भेटी सुरू होत आणि घड्याळाकडे पाहूनच संपत. सकाळ-संध्याकाळच्या फिरण्यात ज्यांना बोलायचे असेल त्यांनी बरोबर चालायचे. भेटायला आलेल्याशी बोलताना हात चरख्यावर. पाठकोऱ्या कागदांवर आणि उलटवलेल्या पाकिटांवर मसुदे. दुपारी थोडी झोप, वर्ध्याच्या उन्हाळ्यात डोक्यावर ओले फडके. आणि सोमवारी मौन. मौनाचे आध्यात्मिक मोल मी येथे काढीत नाही. व्यवहारात पाहता गजबजलेल्या घरात आठवड्याचा एक दिवस कोणी तोंडी प्रश्न विचारू शकत नाही, ही लेखकाला केवढी मोठी सवलत! ‘हरिजन’चे पुष्कळसे लेखन सोमवारी होई, यात नवल नाही. पुढे व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी कुटीच्या दफ्तरात टेलिफोन बसवला. तो आजही तेथे दाखवतात, आणि जवळच साप धरण्याचा पिंजरा.

परंतु या शिस्तीत एक मोकळी जागा होती, ती नजरेआड होऊ नये. १९३९ मध्ये महारोगाने जर्जर झालेले संस्कृत पंडित परचुरेशास्त्री आश्रमाच्या दाराशी आले. त्यांना जवळच कुटी बांधून दिली गेली, आणि गांधीजी त्यांच्या अंगाला स्वतः मालीश करू लागले. महायुद्ध सुरू होते, व्हाइसरॉयची पत्रे येत होती, आणि दिवसाच्या आखणीत या मालिशीलाही तिची वेळ होती. दफ्तर घरात असल्याचा हा लाभ; सरकारी कचेरीत हे जमले नसते.

मात्र त्याच घराने जे हिरावून घेतले तेही सांगितले पाहिजे. आदिनिवासात कस्तुरबांना आडोसा नव्हता. ज्या खोलीत कार्यकारिणीचे सदस्य बसत त्याच खोलीत त्या वयात एका स्त्रीने राहायचे. शेवटी जमनालालजींनी त्यांच्यासाठी वेगळी लहानशी कुटी बांधवली. पत्रव्यवहाराचे आकडे चरित्रकारांनी जपले आहेत. त्या स्वयंपाकघरात किती भाकऱ्या झाल्या, याचा हिशेब हजेरीच्या वेळी कोणी पुकारला नाही.

आणि महादेवभाई देसाई. गांधीजी शेगावला गेले तरी महादेवभाईंचे बिऱ्हाड मगनवाडीतच राहिले. रोज पायी शेगावला जायचे, दिवसभर काम करायचे, पायी परत यायचे. सगळे मिळून अकरा मैल, तेही वर्ध्याच्या उन्हात. आता आपल्याला वाटेल, घर वेगळे आणि दफ्तर वेगळे, म्हणजे सुटका झाली. तशी ती झाली नाही, कारण घरी आल्यावरही टिपणे, भाषांतरे, डाकेची वेळ गाठण्यासाठी लिहायचे लेख हे होतेच. १९१७ पासून ते या कामात होते आणि रजा ही गोष्ट त्यांच्या वाट्याला फारशी आली नाही. १९३८ मध्ये प्रकृती ढासळली. सेवाग्रामातच त्यांच्यासाठी कुटी झाली, चालणे वाचले, पण काम आता हाकेच्या अंतरावर आले. ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत त्यांना अटक झाली आणि १५ ऑगस्टला पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ते गेले. वय पन्नास. कस्तुरबाही १९४४ च्या फेब्रुवारीत त्याच स्थानबद्धतेत गेल्या.

गांधीजी सुटून सेवाग्रामला परतले, तेव्हा दफ्तर पुन्हा सुरू झाले. २५ ऑगस्ट १९४६ रोजी त्यांनी सेवाग्राम सोडले आणि पुन्हा त्यांचे येणे झाले नाही. आदिनिवास, बा-कुटी, महादेव-कुटी, परचुरे-कुटी आजही एकमेकींपासून काही पावलांवर उभ्या आहेत.