सामायिक पाया कोणी घालायचा? औंधचे संस्थान आणि लिनक्सची घराणी

१/
औंध आज सातारा जिल्ह्यात आहे. कुंडल आणि आटपाडी सांगली जिल्ह्यात. १९४८ पर्यंत मात्र ही तिन्ही ठिकाणे पंतप्रतिनिधींच्या एकाच औंध संस्थानात होती. संस्थान अवघ्या ७२ गावांचे, तेही सलग नव्हे; मधूनमधून परका मुलूख. आसपास फलटण, सांगली, मिरज, जत. प्रत्येकाचा दरबार वेगळा, खजिना वेगळा, कारभार वेगळा.

२/
संगणकाच्या जगात लिनक्सची रचना अशीच आहे. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने जाहीर केला तो केवळ कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा. त्याभोवती इतर साधने जुळवून ज्याने त्याने आपापली प्रणाली उभी केली: स्लॅकवेअर, डेबियन, रेड हॅट. यांनाच डिस्ट्रिब्युशन म्हणतात. एकीसाठी बांधलेला प्रोग्राम दुसरीवर चालेलच असे नाही. फायलींच्या जागा निराळ्या, लायब्ररींच्या आवृत्त्या निराळ्या. त्यातून प्रश्न उभा राहिला: सर्वांनी एकच पाया का वापरू नये?

३/
पहिला उपाय नियमावलीचा. १९९८ मध्ये ‘लिनक्स स्टँडर्ड बेस’चे काम सुरू झाले. त्यात प्रोग्राम बसवण्यासाठी रेड हॅटची आरपीएम पद्धत प्रमाण ठरली. डेबियनची पद्धत मात्र पहिल्यापासून वेगळी. नियम कागदावर राहिले आणि २०१५ मध्ये डेबियनने त्यांचा नाद बहुतांशी सोडला.

४/
दुसरा उपाय कराराचा. मे २००२ मध्ये सुसे, कॅल्डेरा, कोनेक्टिव्हा आणि टर्बोलिनक्स या चार कंपन्यांनी ‘युनायटेड लिनक्स’ जाहीर केले. पाया मुख्यतः सुसेचा. सर्वांत बलाढ्य रेड हॅट बाहेरच राहिली. पुढच्याच वर्षी कॅल्डेराने, एससीओ या नव्या नावाने, लिनक्सवरूनच आयबीएमवर दावा ठोकला. मित्रांचा विश्वास उडाला आणि २००४ च्या आरंभी हा संघ संपला.

५/
दख्खनमध्ये असा प्रयत्न त्याआधी साडेपाच दशके झाला होता. १९४७ मध्ये औंध, फलटण, भोर आदी संस्थानांनी एकत्र येऊन संयुक्त दख्खन संस्थान उभारण्याचे ठरवले. येथेही सर्वांत मोठे कोल्हापूर बाहेरच राहिले. मुलूख विखुरलेला आणि प्रजेच्या चळवळीतील अनेकांचा ओढा थेट मुंबई प्रांताकडे. ८ मार्च १९४८ रोजी ही संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. कोल्हापूर १ मार्च १९४९ रोजी.

६/
विलीनीकरणाने रयतेला मोठ्या प्रांताचा एकच कायदा आणि एकच कारभार मिळाला. हा लाभ लहान नव्हता. पण त्याची किंमतही होती. जानेवारी १९३९ मध्ये औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी महात्मा गांधी आणि मॉरिस फ्रीडमन यांच्या सल्ल्याने आपले अधिकार प्रजेकडे सोपवणारी राज्यघटना जाहीर केली होती. सत्तेचा उगम गावपंचायतीत, तिथून तालुक्यात आणि मग प्रतिनिधी सभेत. मोठ्या प्रांताच्या साच्यात ही घटना बसली नाही आणि संपली.

७/
एक प्रयोग मात्र टिकला. आटपाडीजवळ औंध संस्थानाने कैद्यांसाठी भिंतीविना खुली वसाहत उभारली होती, तिचे नाव स्वतंत्रपूर. संस्थान गेले, पण नव्या शासनाने ती वसाहत चालू ठेवली. १९५७ चा व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ याच प्रयोगावरून सुचला.

८/
लिनक्समध्येही जे करारातून साधले नाही, ते प्रयोगातून साधले. यंत्र सुरू होताना सर्व सेवा उभ्या करणारी ‘सिस्टिमडी’ ही व्यवस्था रेड हॅटच्या अभियंत्यांनी घडवली. २०११ मध्ये ती फेडोरात आली आणि २०१५ मध्ये, दीर्घ वादानंतर, डेबियन व उबुंटूतही रुजली. ज्यांना ती मान्य नव्हती, त्यांनी डेबियनपासून फुटून ‘देवुआन’ ही वेगळी चूल मांडली.

९/
सामायिक पाया हवाच. गावागणिक कायदा बदलणे कोणालाच परवडत नाही. पण तो पाया संस्थानिकांच्या किंवा कंपन्यांच्या सह्यांनी उभा राहत नाही. एका लहान घराला प्रयोगाची मोकळीक असावी, इतरांनी तो पारखून स्वीकारावा आणि न पटणाऱ्याला बाहेर पडता यावे. औंधच्या राज्यघटनेला ही संधी मिळाली नाही. स्वतंत्रपूरला मिळाली, म्हणूनच ते आजही सांगली जिल्ह्याच्या नकाशावर आहे.