रोज चालणाऱ्या एमजीबीचा इतिहास कुठे शोधायचा?

ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात एमजीबी नावाची एक छोटी स्पोर्ट्‌स कार बनत होती. उघड्या टपाची आणि बंद टपाची (तिला जीटी म्हणायचे) अशा दोन्ही धरल्या तर पाच लाखांहून जास्त गाड्या तिथून बाहेर पडल्या. त्यातल्या पुष्कळ अमेरिकेला गेल्या. या गाडीवरचं कुठलंही पुस्तक उघडा, सुरुवात साधारण अशीच असते. मग १,७९८ सीसीचं इंजिन, दोन एसयू कार्ब्युरेटर, १९७४ मध्ये अमेरिकी नियमांमुळे आलेले काळे रबरी बंपर, १९८० ला कारखाना बंद. पुस्तकही तिथेच आटोपतं.

माझी अडचण तिथून सुरू होते. कारखाना बंद झाला, गाड्या नाही झाल्या. ब्रिटनमध्ये आजही काही लोक एमजीबी घेऊन रोज कामावर जातात, आणि त्यातली अगदी शेवटची गाडीसुद्धा आता चाळिशी ओलांडलेली आहे. म्हणजे तिच्या आयुष्यातले थोडेच दिवस कारखान्यात गेले आणि उरलेली सगळी वर्षं वापरात आणि दुरुस्तीत. आपण मात्र इतिहास लिहितो तो त्या थोड्या दिवसांचा. डेव्हिड एजर्टन यांनी ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ (२००६) या पुस्तकात हाच मुद्दा मोठ्या पटावर मांडलाय: तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांच्या तारखांवरून न लिहिता वापरावरून लिहा, आणि देखभालीला त्यात जागा द्या. पीएच.डी.ची तयारी करणाऱ्यांनी ते वाचावंच. पण वाचून झालं की खरा प्रश्न उभा राहतो. वापराची साधनं मिळणार कुठून? कारखान्याचं दप्तर असतं, वापरणाऱ्याचं कुठे असतं?

आधी गाडीकडेच साधन म्हणून बघू. एमजीबीच्या आधीच्या एमजीएला वेगळी चॅसी होती, एमजीबीला नाही. तिची पत्र्याची बॉडीच सगळा भार पेलते. त्यामुळे दाराखालून जाणारा पोकळ पत्र्याचा भाग, ज्याला सिल म्हणतात, तो गंजला की नुसता रंग मारून भागत नाही, गाडीचा कणाच कमजोर होतो. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात बर्फ वितळावं म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. रोज चालणारी गाडी ते मीठ रोज खाते. साहजिकच सर्वात जास्त राबलेल्या गाड्या सर्वात आधी भंगारात गेल्या. आज प्रदर्शनात चकाकणारी गाडी एकतर फार कमी चाललेली असते, नाहीतर तिचा बराच पत्रा नवा असतो. उरलेल्या गाड्या बघून ‘लोक तेव्हा गाडी अशी वापरायचे’ म्हणणं म्हणजे कपाटात जपलेल्या पैठण्या बघून ‘बायका रोज पैठणी नेसायच्या’ म्हणण्यासारखं आहे. टिकलेल्या वस्तूंच्या आधारे लिहिताना हा खड्डा कायम डोळ्यांसमोर ठेवा, विषय कोणताही असो.

आणि पत्रा नवा म्हणजे किती नवा? १९८८ मध्ये ब्रिटिश मोटर हेरिटेज या कंपनीने जुने साचे वापरून एमजीबीची अख्खी बॉडी पुन्हा बनवायला घेतली. कारखाना बंद होऊन आठ वर्षं झाली होती! लोक गंजलेल्या गाडीतून इंजिन, ॲक्सल, सीटा काढून नव्या बॉडीत बसवू लागले. ‘अस्सल’ हा शब्द क्लासिक गाड्यांच्या जगात फार मानाने वापरतात. मला तो इतिहासकाराच्या कामाचा वाटत नाही. गाडीत कोणी, कधी, कशासाठी काय बदललं, हे विचारलं की जास्त हाती लागतं.

उदाहरणं घ्या. सुरुवातीच्या एमजीबीत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटच्या मागे, खालच्या बाजूला ठेवलेल्या असत, आणि बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असे. १९६७ नंतर ते उलटं झालं, डायनॅमो जाऊन अल्टरनेटर आला. जुन्या गाडीत आज हे उलटं करून घेतलेलं दिसलं, तर मालकाला आधुनिक उपकरणं लावायची होती एवढं तर कळतंच. २००० च्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये शिसेयुक्त पेट्रोलची सर्वसाधारण विक्री बंद झाली. ते शिसं व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या जागेची झीज रोखायचं. म्हणून रोज गाडी चालवणाऱ्यांनी सिलिंडर हेड उघडून तिथे कडक धातूच्या कड्या बसवून घेतल्या. २०२१ मध्ये दहा टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं, जुन्या रबरी नळ्यांना ते मानवेना, मग नळ्या बदलल्या. सरकारचं धोरण गाडीच्या पोटात असं वाचता येतं. शुद्धतावादी संग्राहकाला या बदलांची चीड येते. आपल्याला ते पुराव्यासारखे जपायला हवेत.

आता कागद. गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममध्ये कारखान्याच्या उत्पादन नोंदी आहेत. शुल्क भरलं की ते विशिष्ट गाडीचं प्रमाणपत्र देतात: कोणत्या तारखेला बनली, रंग कोणता, कुठे पाठवली. जन्मदाखलाच म्हणा ना. पण जन्मदाखल्यावरून चरित्र लिहिता येत नाही. त्यापेक्षा मला एमओटी, म्हणजे तिथली वार्षिक वाहन तपासणी, जास्त मोलाची वाटते. २००५ पासूनच्या तपासण्या गाडीचा नंबर टाकून ऑनलाइन बघता येतात, आणि त्यात दर वेळी मीटरवरचा आकडा असतो. दोन वर्षांच्या आकड्यांतला फरक काढा. दोन-तीनशे मैल असेल तर ती रविवारची गाडी. पाच-सहा हजार असेल तर ती बहुधा रोजची. शिवाय नापास होण्याची कारणंही लिहिलेली असतात, म्हणजे गंज कधी कुठे पोचला तेही. कुणी इतिहासकारांसाठी हे केलेलं नाही, म्हणूनच त्यावर थोडा जास्त भरवसा ठेवता येतो. २०१८ पासून मात्र चाळीस वर्षांवरच्या, फार बदल न केलेल्या गाड्यांना या तपासणीतून सूट आहे. मालकांची सोय झाली, आपलं साधन आटलं.

दुरुस्तीचं मॅन्युअल छापील आणि सहज मिळणारं, पण ते ‘काय करायला हवं’ सांगतं, ‘काय केलं’ नाही. एमजीबीचा विजेवर चालणारा पेट्रोल पंप मागच्या बाजूला असतो. त्यातले संपर्कबिंदू झिजले किंवा काळवंडले की गाडी रस्त्यात थांबते. मॅन्युअल म्हणतं, पंप उघडा, बिंदू साफ करा. जुने मालक पान्याने पंपावर एक टोला देतात, टिकटिक ऐकू आली की पुढे निघतात. हा टोला कुठल्याच बिलात सापडायचा नाही. घराच्या अंगणात स्वतः केलेल्या कामाचा कागद म्हणजे फार तर सुट्या भागांची पावती. मालकांच्या फायली वाचताना ही पोकळी कुठे आहे ते आखून घ्यावं लागतं.

तरी एमजीबी नशीबवान. तिच्याभोवती क्लब आहेत, मासिकं आहेत, फायली जपणारे हौशी लोक आहेत. याच घराण्यातल्या दुसऱ्या गाडीचं बघा. एमजीबीचं इंजिन बीएमसीच्या ‘बी सीरिज’मधलं, आणि आपल्या ॲम्बॅसडरला अनेक वर्षं होतं ते १,४८९ सीसीचं पेट्रोल इंजिनही त्याच मालिकेतलं. सरकारी कचेरीसमोर उभी असायची ती पांढरी ॲम्बॅसडर आणि इंग्लंडमधली लाल स्पोर्ट्‌स कार, दोघी चुलत बहिणी! एकीची दुरुस्ती कुणाची तरी हौस होती, म्हणून तिच्यावर भरपूर लिहिलं गेलं. दुसरीची दुरुस्ती हे कुणाचं तरी पोट होतं, आणि पोटासाठी काम करणारा माणूस संध्याकाळी आठवणी लिहायला बसत नाही. २०१४ मध्ये ॲम्बॅसडरचं उत्पादन थांबलं. ती उघडून बसवलेले मिस्त्री अजून भेटतील, पण उतारवयातले.

कुणाला विषय हवा असेल तर इथे आहे. आपल्या गावातल्या जुन्या गॅरेजपासून सुरुवात करा. मुलाखतीच्या आधी बिलबुकांच्या कार्बन प्रती मागा. तारीख, गाडीचा नंबर, काम आणि मजुरी एवढं एका ओळीत मिळतं. मिस्त्रींना ‘तुमचे अनुभव सांगा’ म्हणू नका, एखादा सुटा भाग हातात द्या आणि हा कधी बदलायचात, नवा मिळाला नाही तर काय लावायचात, असं विचारा. आणि रेकॉर्डिंग सुरू असताना हात काय करतात तेही वहीत टिपून ठेवा, टेपवर ते येत नाही.