तबकडीवरची कविता

सत्तरच्या दशकातील पाश्चात्त्य हळुवार रॉकच्या विस्मृत तबकड्या धुंडाळणाऱ्यांची एक जमात जगभर पसरलेली आहे. नेड डोहेनी या गायकाची १९७६ सालची ‘हार्ड कँडी’ अमेरिकेत फारशी खपली नाही. जपानी रसिकांनी मात्र ती जपली, आणि २०१४ मध्ये शिकागोच्या नुमेरो या कंपनीने त्याची जुनी गाणी पुन्हा प्रकाशात आणली. आपल्याकडे या शोधाला समांतर असा शोध भावगीतांच्या ध्वनिमुद्रिकांचा. नाट्यगीत शेवटच्या रांगेपर्यंत पोचवावे लागे. ध्वनिक्षेपक आल्यावर कानाशी बोलावे तसे गाता येऊ लागले. कॅलिफोर्नियातला तो रॉक आणि अरुण दाते यांचा स्वर यांचे नाते एवढेच. पण ते खरे आहे.

आमची शोधयात्रा स्वारगेटला सुरू होते. सातारा-सांगलीच्या एसटीतून उतरणारे एकदोन समानधर्मी तिथे भेटले, की शिवाजी रस्त्याने मंडई आणि शनिवारवाडा मागे टाकून जुना बाजार गाठायचा; तो बुधवारी आणि रविवारी भरतो. कुलपे, पाने, बंद पडलेले रेडिओ यांच्यामध्ये तबकड्यांची चळत असते: लाखेच्या, जड आणि ठिसूळ ७८ फेऱ्यांच्या; सात इंची ईपी; वेष्टन हरवलेल्या लाँगप्ले. तबकडी उन्हात तिरकी धरून चरे पाहायचे, मग लेबल वाचायचे. विक्रेत्याला भाव ठाऊक असतो तो हिंदी चित्रपटांचा. भावगीत तो वर फुकट देतो, आणि आमच्यासारख्या मास्तरांना ते परवडते!

साहित्याच्या अभ्यासकाने या धुळीत हात का घालावेत? ना. घ. देशपांडे यांच्या ‘शीळ’ या कवितेचे उदाहरण पुरेसे आहे. गो. ना. जोशी यांच्या आवाजात ती तबकडीवर आली १९३० च्या दशकाच्या आरंभी. ‘शीळ’ हा संग्रह निघाला १९५४ मध्ये. म्हणजे संग्रह हाती येण्यापूर्वी सुमारे दोन दशके ही कविता घरोघरी ऐकली जात होती. आमच्या वाङ्मयेतिहासांतून मात्र कवीचा काळ संग्रहाच्या सालावरून मोजण्याची सवय सुटत नाही. शिवाय ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटे मिळत. ध्रुवपद आणि दोन-तीन अंतरे हा भावगीताचा आकृतिबंध आपण केवळ रसविचाराने समजावून सांगतो. त्यात लाखेच्या तबकडीचाही वाटा आहे, असे आमचे मत आहे. कोणते कडवे गाळले गेले, कोणता शब्द गाण्यासाठी बदलला, हे छापील संहिता आणि ध्वनिमुद्रिका शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही.

आणि अडचण तिथेच आहे. ज्या वर्षी ‘शीळ’ निघाला त्याच १९५४ मध्ये ग्रंथांच्या प्रती ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांना देण्याचा कायदा झाला. पुढे त्यात वृत्तपत्रे आली. ध्वनिमुद्रिका आल्या नाहीत. त्यामुळे संग्रहाची प्रत शोधायला ग्रंथालय आहे, तबकडीसाठी रद्दीवाला. १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सने आणि तिचे सचिव सुरेश चांदवणकर यांनी जे सूचीकार्य केले, ते विद्यापीठांच्या मराठी विभागांनी करायला हवे होते.

पुण्यापुरतेच बोलायचे तर ‘गीतरामायण’ पाहावे. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर ५६ गीतांचे ते पर्व चालले, आणि माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर असे निरनिराळे आवाज त्यात होते. ध्वनिमुद्रिकांचा संच निघाला तो एकट्या सुधीर फडके यांच्या स्वरात. वर्गात आम्ही हीच तबकडी वाजवतो, आणि विद्यार्थी तिलाच मूळ संहिता समजतात.